साडेबाराचे निरोप

रविवारी सकाळी वारा पडला. अग्वादा देल सोर्रो गावात वारा पडला की माणसं चुळबुळतात. बारा महिने कानाशी बडबडणारं कुणी अचानक गप्प झालं म्हणजे वाटतं, तसं. जुलैचा मध्य होता, म्हणजे पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला ऐन हिवाळा, आणि माळरान पांढुरकं होऊन आभाळात मिसळलं होतं.

नोएमी रेडिओच्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर झाकण काढलेला संगणक. तिच्यामागे खुर्चीत तिचे वडील, अन्सेल्मो कुर्रुमिल, हातात माते नावाच्या कडू पाल्याच्या चहाचा भोपळा घेऊन बसले होते आणि नळीने सावकाश घोट ओढत होते.

"हे सगळं उपटून नवीन घालणार?" त्यांनी विचारलं.

"उपटून नाही, पापा. कर्नल नवा घालतेय, यंत्राचा गाभा. जुना चार वर्षांचा झाला."

"मी एकाहत्तर वर्षांचा झालो. मला काय करणार आहेस?"

"तुमची नवी आवृत्ती निघालेली नाही अजून."

ते हसले आणि भोपळा तिच्यापुढे धरला. तिने न बघताच तो घेतला.

खोली चर्चच्या मागच्या अंगाला होती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, खिडकीला घोंगडी. गावात तीनशे माणसं. त्यांना रेडिओची तशी गरज नव्हती, त्यांना बातम्या रोसाल्बाकाकूच्या दुकानात मिळत. रेडिओ होता तो माळावरच्यांसाठी. चाळीस-साठ किलोमीटरवर एकेकटी घरं, दोन-तीनशे मेंढरं, ना फोन ना टपाल, फक्त बॅटरीवरचा एक रेडिओ. दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी सातला तो लावायचा आणि अन्सेल्मो वाचत ते निरोप ऐकायचे. अमक्या ठिकाणच्या तमक्याला त्याची बहीण कळवते की ट्रक गुरुवारी येईल, लोकर बांधून ठेवावी. तमकीला तिचा मुलगा कळवतो की परीक्षा पास झालो. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच वाक्य: ज्याच्या कानावर पडेल त्याने कृपया पोचवावा. कारण ज्याचा निरोप तो त्या वेळी नेमका मेंढरांमागे असायचा. मग शेजारचा, म्हणजे दहा किलोमीटरवरचा, घोड्यावर बसून सांगायला जायचा.

दोन वर्षांपूर्वी मिक्सर जळाला. तेव्हापासून मायक्रोफोन संगणकाच्या साउंड कार्डात खोचलेला असे आणि कार्डातून निघालेली तार पलीकडे ट्रान्समीटरला जाई. मायक्रोफोनचा बारीक आवाज वाढवून द्यायला दुसरं काही नव्हतं. संगणक बोलला तर रेडिओ बोलणार, असा मामला होता.

तो संगणक नोएमीनेच दिलेला. किनाऱ्यावरच्या बाईआ ब्लांका शहरात ती विद्यापीठाचे संगणक सांभाळायची. तिथून काढून टाकलेला एक तिने बसवर टाकून आणला, त्यात लिनक्स घातलं आणि वडिलांना शिकवलं. गावचं जनरेटर रात्री अकराला बंद होई, म्हणून संगणक रोज सकाळी नव्याने सुरू करावा लागे. आणि कार्ड इतकं जुनाट की ते आपण होऊन ओळख द्यायचं नाही. त्याचं मॉड्यूल, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, रोज हाताने चढवावं लागे: एक आज्ञा, कार्डाचं नाव आणि चार आकडे. दोनशेवीस, पाच, एक, पाच. तिने ते चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी आपल्या अक्षरात मोठं करून पुठ्ठ्यावर उतरवलं आणि पुठ्ठा पडद्याच्या कडेला चिकटवला.

अन्सेल्मोंनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता, आणि खरं तर तो बराचसा बरोबर होता. कर्नल म्हणजे मेंढवाड्यावरचा मुकादम. मुकादम सगळ्या गड्यांना घरात घेऊन बसत नाही. एवढी जागा कुणाकडे असते? गडी बाहेर झोपलेले असतात. काम निघालं की नाव घेऊन हाक मारायची. आवाजाच्या गड्याला नाव घेऊन हाक मारायची, कुठल्या दाराने यायचं ते सांगायचं, ते दोनशेवीस. कुठली घंटा वाजवायची, ती पाच. मग तो येतो. चुकीची घंटा सांगितली तर छपाईच्या गड्याशी त्याचं भांडण होतं आणि दोघंही काम करत नाहीत.

ते स्वतः वीस वर्षं दुसऱ्यांच्या वाड्यांवर गडी होते. लोकर कातरायच्या हंगामात छपरात निजून हाकेची वाट बघायचे. म्हणून की काय, ती आज्ञा ते टाइप करताना मोठ्याने म्हणत. दोनशेवीस, पाच, एक, पाच. ये बाबा.

"आता हे म्हणावं लागणार नाही," नोएमी म्हणाली. "नव्यात मी सगळं फाइलीत लिहून ठेवलंय. चालू केलं की मॉड्यूलं आपली आपण चढतील."

"हाक न मारता?"

"हाक न मारता."

"मला हाक मारायला त्रास नव्हता."

"पापा, जगात आता कुणी रोज सकाळी हे टाइप करत बसत नाही."

"जगाला साडेबाराला निरोपही वाचायचे नसतात."

ती घाईत होती. सोमवारी पहाटे सहाची बस होती आणि बर्फाने वाहतूक बंद व्हायच्या आत तिला किनाऱ्याकडे पोचायचं होतं. नवा कर्नल उठला. मॉड्यूलं एकामागून एक चढली. तिने पडद्यावर आवाजाची पाटी उघडली, रांगेने उभे असलेले खांब वर केले, आणि मायक्रोफोनवर टकटक केली. खोलीतल्या स्पीकरमधून टकटक बाहेर आली. अन्सेल्मो पुढे वाकले.

"बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही."

त्यांनी घसा साफ केला. "निरोप नोएमी कुर्रुमिल हिला, मुक्काम बाईआ ब्लांका. वडील कळवतात की मुलगी हुशार आहे पण दुपारचं जेवत नाही. ज्याच्या कानावर पडेल त्याने कृपया पोचवावा."

"बस्स," ती म्हणाली. पण तीही हसत होती.

तेवढ्यात रोसाल्बाकाकूने दार ढकललं आणि थंडीबरोबर आत डोकं घातलं. "बाप-लेक यंत्र खाणार आहात का? मटण गार होतंय. मी काय चर्चच्या पायरीवर ताट घेऊन उभी राहू?"

"आलो," अन्सेल्मो म्हणाले.

नोएमी उठली. उठता उठता तिने पडद्याच्या कडेचा पुठ्ठा ओढून काढला. डागाळलेला, कडा झिजलेल्या. वडिलांनी हात पुढे केला, तो पुठ्ठ्यासाठी होता हे तिच्या नंतर ध्यानात आलं. तोवर तिने तो स्टोव्हमध्ये टाकला होता.

"आता लागणार नाही," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले.

*

मंगळवारी सकाळी दहाला तिच्या कचेरीत फोन वाजला. वडील रोसाल्बाकाकूच्या दुकानातून बोलत होते; गावात दुसरा फोन नव्हता.

"पोरी, तुझे नवे गडी आलेत, पण बोलत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे शांतता. कालपासून."

"मी यादी कशी बघायची दाखवलं होतं, ती बघितलीत का? चढलेल्या मॉड्यूलांची?"

"लिहून आणलीय." त्यांनी एकेक अक्षर सुटं करून वाचलं. ती कागदावर टिपत गेली. सगळी होती. जिथं जे हवं तिथं ते होतं.

"बरोबर आहे सगळं. मग आवाज यायलाच हवा."

"यायला हवा हे मलाही पटतं. येत नाही."

तिच्या दारात दोन जण कागद घेऊन उभे होते. एकाने घड्याळाकडे बघितलं.

"पापा, तुम्ही काहीतरी दाबलं असणार."

ते म्हणाले, "मी फक्त चालू केलं."

"कुठलीतरी कळ लागली असेल. नाहीतर केबल बघा. कार्डातून निघते ती, आणि पलीकडचं टोकही बघा. संध्याकाळी मी फोन करते."

"साडेबाराला निरोप आहेत. एक जरुरीचा आहे."

"केबल बघा, पापा."

संध्याकाळी सातला तिने दुकानात फोन केला. रोसाल्बाकाकू म्हणाली, अन्सेल्मो दुपारीच पिकअप घेऊन माळावरच्या चाकायला गेलेत, तिथल्या सेलेस्तिनो आन्तिलेफला निरोप द्यायला. इथं तर बर्फ पडायला लागलाय. मुक्काम करतील तिथंच, शहाणे असतील तर. नोएमी म्हणाली, बरं, उद्या करते.

बुधवारी दुपारी रस्ते-खात्याच्या माणसांना पिकअप सापडली. ओढ्याच्या वळणावर ती उताराला घसरून कलंडली होती. अन्सेल्मो आत नव्हते. गावाच्या दिशेने चारशे पावलांवर होते, कुंपणाच्या खांबाला पाठ टेकून बसलेले. वही कोटाच्या आत होती, छातीशी, कोरडी.

*

बस बारा तासांची होती. सहाव्या-सातव्या तासाला, कुठल्याशा पेट्रोल पंपावर बस थांबली आणि चालकाने रेडिओचं बटण फिरवलं, तेव्हा नोएमीला कळलं.

कळलं म्हणजे आठवलं. नव्या कर्नलातली आवाजाची व्यवस्था जुन्यासारखी नाही. जुना गडी यायचा तो बोलतच यायचा. नवे गडी बोलावल्याशिवाय येतात, पण तोंड मिटून येतात. एकदम मोठा आवाज होऊन कुणाचे कान फाटू नयेत म्हणून तसं ठरवलेलं आहे. पहिल्यांदा आवाजाची पाटी उघडून प्रत्येक खांब हाताने मोकळा करायचा, वर करायचा, आणि मग एक ओळ लिहून यंत्राला सांगायचं की हे असंच लक्षात ठेव. ती ओळ लिहिली नाही तर यंत्र बंद होईस्तोवर सगळं छान चालतं. पुन्हा चालू केलं की मुकं. मॉड्यूलांची यादी विचाराल तर सगळी हजर.

हे तिला माहीत होतं. विद्यापीठात तिने दहा यंत्रांवर ते केलं होतं, दोघा-तिघांना समजावूनही दिलं होतं. रविवारी तिने खांब वर केले. ओळ लिहायची राहिली. मटण गार होत होतं आणि ती उठली.

पेट्रोल पंपावर माणसं कॉफी पीत होती. कुणीतरी तिला विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, वाटतंय.

*

शुक्रवारी टेकडीवर पुरलं. कुदळीने आधी वरचा बर्फ फोडावा लागला, मग खालची जमीन. त्यानंतर रिवाजाप्रमाणे घरात नऊ दिवस जपमाळ झाली. रोज संध्याकाळी पंधरा-वीस माणसं यायची, भिंतीकडेच्या बाकांवर बसायची; जप झाला की पिठाच्या तळलेल्या तोर्ता आणि माते फिरायचं. नोएमी ओतत होती.

जप संपला की माणसं बोलतात. त्यांत वावगं काही नसतं. मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं तर तो कसा मेला इथूनच सुरुवात होते.

"दोन दिवस रेडिओ मुका होता," एक जण म्हणाला. "तो मुका नसता तर म्हातारा कशाला गेला असता?"

"म्हाताऱ्याच्या हातात यंत्र द्यावंच कशाला, म्हणतो मी. मेंढ्या कातरलेली बोटं ती. कळ इथली दाबायची ती तिथली दाबली जाणार."

"अरे, चार वर्षं चालवलं त्यांनी," रोसाल्बाकाकू म्हणाली.

"चालवलं, आणि पाचव्या वर्षी बिघडवलं. मी काय वाईट बोलतोय का? देव त्यांना शांती देवो. पण आता गावच्या समितीने कुणी जाणता माणूस बसवावा."

"बिचारे स्वतःच सांगत होते," रोसाल्बाकाकू नोएमीकडे वळून म्हणाली, आवाज खाली आणून. "फोन ठेवल्यावर. 'माझी पोर म्हणते, मीच काहीतरी दाबलं.' हसत हसत सांगत होते आणि आपली बोटं उलटीसुलटी करून बघत होते. दुकानात पाच जण होते, पाचही जण हसले. मी पण हसले गं. काय माहीत होतं?"

नोएमीने भोपळ्यात पाणी ओतलं. नळी पुसली. पुढच्या माणसाच्या हातात दिला. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं, साधं, पाच-सहा शब्दांचं. ते तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. तिसऱ्या दिवशी कुणी हा विषय काढला नाही. तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं तिला आयुष्यात वाटलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा किळसवाणं वाटलं.

*

नवव्या दिवशी सेलेस्तिनो आन्तिलेफ आला. बर्फ थोडा ओसरल्यावर तो घोड्यावर निघाला होता. साठीचा, बुटका, टोपी दोन्ही हातांत धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी तो. चाकायचा."

तिने त्याला आत घेतलं, स्टोव्हजवळ बसवलं. त्याने सोबत कापडात गुंडाळलेलं अर्धं बकरं आणलं होतं. ते कुठं ठेवायचं यावर जरा वेळ गेला. मग तो बोलायला लागला.

"माझी बायको, आमेलिया, किनाऱ्यावरच्या दवाखान्यात होती. बुधवारी यायची होती. मी बुधवारी पहाटे घोडा घेऊन खिंडीतून उतरणार होतो तिला आणायला. दवाखान्याने दुकानात फोन केला की आत्ता सोडत नाही, अजून दोन आठवडे ठेवतो, आणि इकडे बर्फाचा इशारा. मला काय पत्ता? रेडिओ लावला तर सूंऽऽ. नुसती शिट्टी. मी म्हटलं, ठीक, निघायचं पहाटे." त्याने हातातली टोपी उलटी केली. "निघालो असतो तर आज मी त्या टेकडीवर, आणि तो इथं बसला असता. हे मी मोजून बघितलंय, पोरी. दोन्ही बाजूंनी."

"त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं नाही. वाचलं." सेलेस्तिनोच्या तोंडावर किंचित काहीतरी हललं. "उंबऱ्यात उभा राहिला, वही काढली, चष्मा लावला. म्हटलं, आत तर ये. नाही. 'निरोप सेलेस्तिनो आन्तिलेफ यांना, मुक्काम चाकाय.' अगदी रेडिओसारखा. शेवटी 'ज्याच्या कानावर पडेल त्याने कृपया पोचवावा.' मी म्हटलं, अन्सेल्मो, ज्याचा निरोप तोच मी, आता कुणाला पोचवू? कुत्र्यांना? तर म्हणतो, 'वाचायचा तो पूर्ण वाचायचा.' आणि पेन्सिलीने खूण केली वहीत."

ती वही टेबलावरच होती. नोएमीने पान काढलं. मंगळवार. एकच निरोप, समोर खूण.

"मी म्हटलं, राहा. बर्फ धरतोय. शेगडी आहे, मटण आहे, जाऊन करणार काय? एक माते घेतलं, दुसरं नको म्हणाला. सातला निरोप वाचायचे आहेत म्हणाला. म्हटलं, तुझा रेडिओ तर मुकाय. तर म्हणतो, 'पोरीने केबल बघायला सांगितलंय. एक टोक बघून झालं, दुसरं राहिलंय. ती म्हणते म्हणजे तिथंच असणार.'"

स्टोव्हमध्ये लाकूड खचलं.

"लोक म्हणतात, त्याने काहीतरी दाबलं," सेलेस्तिनो म्हणाला. "तू जाणती आहेस. असं होतं का? एवढं एका बोटाने?"

नोएमीने तोंड उघडलं. बाहेर अंगणात कुणाची तरी पावलं वाजली आणि रोसाल्बाकाकू दार लोटून आत आली, हातात चिठ्ठ्यांची जुडी. तिने सेलेस्तिनोला मान लववली आणि जुडी टेबलावर ठेवली.

"इतक्या दिवसांचे साचलेत. लोक येतात, लिहून ठेवून जातात, मी नाही कसं म्हणू? तुझी बस परवा आहे. समितीचा माणूस मिळेल तेव्हा मिळेल. तू तोवर यंत्र बघ आणि वाच, बाई. अकरा वाजलेत."

*

खोलीत श्वास दिसत होता. तिने स्टोव्ह पेटवला, ट्रान्समीटर चालू केला, मग संगणक. पडद्यावरून ओळी वर सरकत गेल्या. मॉड्यूलं हाक न मारता आली. स्पीकर गप्प.

तिने आधी केबल बघितली. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिला माहीत होतं की केबलला काही झालेलं नाही. कार्डाकडचं टोक तिच्या वडिलांनी कापून, सोलून, नव्याने डाग देऊन जोडलं होतं. वरून काळी चिकटपट्टी, तीन वेढे, शेवट नीट दाबलेला. चांगली केबल होती, ती त्यांनी आणखी चांगली केली होती. ट्रान्समीटरकडच्या टोकाला हात लागलेला नव्हता. तिथं खाली एक पाना काढून ठेवलेला होता.

मग ती खुर्चीत बसली आणि तिने यंत्राला जुन्या आज्ञा विचारल्या. लिनक्स माणसाने काय काय टाइप केलं ते लक्षात ठेवतं. हे तिने वडिलांना कधी सांगितलं नव्हतं.

सोमवार आणि मंगळवार तिथं एकाखाली एक उभे होते. यादी बघण्याची आज्ञा. पुन्हा तीच. मग जुनी हाक: आज्ञा, कार्डाचं नाव, दोनशेवीस, पाच, एक, पाच. पुन्हा. पुन्हा. तिने मोजल्या, चौदा होत्या. पुठ्ठा जळाला होता, हे सगळं डोक्यातून होतं. दोन ठिकाणी आज्ञेतलं एक अक्षर राहिलं होतं, आणि दोन्ही वेळा खालच्याच ओळीत ते दुरुस्त केलेलं होतं. आकडा एकही चुकलेला नव्हता. प्रत्येक वेळी यंत्राने त्यांना उत्तर दिलं असणार की या नावाचं कुणी सापडत नाही, कारण त्या गड्याला नोएमीने रविवारी काढून टाकलं होतं. आणि सगळ्यांत खाली, मंगळवारची शेवटची ओळ: यंत्र बंद करण्याची आज्ञा. तिने शिकवली होती तशी, रीतसर. चाळीस किलोमीटर बर्फात जायला निघालेल्या माणसाने आधी यंत्र नीट बंद केलं होतं.

तिने आवाजाची पाटी उघडली. खांब सगळे तळाला, प्रत्येकाच्या पायाशी मुकेपणाची खूण. तिने एक कळ दाबली. एका बोटाने. खूण गेली. खांब वर केला. शेजारचा. मायक्रोफोनचा. मग ती ओळ लिहिली, रविवारी राहिलेली. यंत्राने काहीच उत्तर दिलं नाही. लिनक्सवर काम नीट झालं की ते काही बोलत नाही.

स्पीकरमधून खोलीची आपली शांतता ऐकू यायला लागली: स्टोव्हची धगधग, घोंगडीमागे पुन्हा उठलेला वारा.

साडेबारा वाजले. तिने बटण दाबलं, वही उघडली आणि चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. एका म्हातारीला तिचा नातू कळवत होता की जोडे मिळाले. एकाला लोकरीचा ट्रक या महिन्यात येणार नाही. आमेलिया आन्तिलेफ कळवत होती की बुधवारी सुटते, घोडा नको, गाडी आहे. प्रत्येकाच्या शेवटी ते वाक्य. तिचा आवाज वडिलांसारखा नव्हता. पण थांबायच्या जागा ती त्याच घेत होती, हे तिला तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीला कळलं.

एकवीस चिठ्ठ्या संपल्या. दारात रोसाल्बाकाकू उभी होती, तिच्यामागे सेलेस्तिनो, टोपी हातात. दुकानातला रेडिओ लावलेला असणार. माळावर घराघरात लावलेला असणार. रोसाल्बाकाकूने मानेनेच विचारलं, झालं?

नोएमीने बटण सोडलं नाही.

"निरोप अन्सेल्मो कुर्रुमिल यांना," ती म्हणाली. "मुक्काम टेकडी, अग्वादा देल सोर्रो. मुलगी नोएमी कळवते की..."

तिने वहीच्या कोऱ्या पानाकडे बघितलं. तिथं लिहिलेलं काही नव्हतं.

"मुलगी कळवते की तुम्ही काही दाबलं नव्हतं, पापा. केबल धड होती. आवाज मी बंद ठेवून गेले. एक ओळ लिहायची होती, ती माझ्याकडून राहिली. तुम्ही फोन केलात तेव्हा मी विचार केला नाही, तुमच्यावर ढकललं. मला ते बसमध्येच आठवलं होतं. नऊ दिवस लोक तुम्हाला बोल लावत होते, आणि मी ऐकत होते. तुम्ही चौदा वेळा हाक मारलीत. एकदाही आकडा चुकला नाही. चूक माझी होती. सगळी."

वाऱ्याने खिडकी हलवली. तो आवाजही बाहेर गेला, दूरपर्यंत.

"ज्याच्या कानावर पडेल," नोएमी म्हणाली, "त्याने कृपया पोचवावा."